ब्रेकच्या हवेतले पाणी

पावसाळ्याच्या दिवसांत तुम्ही कधी पोलादपूरच्या नाक्यावर उभे राहिला आहात काय? एक रस्ता महाडकडून येऊन पुढे कशेडीकडे जातो. दुसरा आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे चढतो. घाटाला लागण्यापूर्वी मालट्रक येथे चहापुरते थांबतात. इंजिन चालूच असते. अशा ट्रकजवळून जाताना एकाएकी गाडीच्या पोटाखालून 'फस्स्' असा मोठा आवाज येतो आणि आपण दचकतो. नीट कान दिला तर त्या मोठ्या आवाजामागून अर्धा मिनिटभर एक बारीक 'सूऽऽ' ऐकू येते. जणू गाडी दमून सुस्कारा टाकते आहे! कित्येकांना वाटते, की गाडीची हवा गळते आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या अकरावीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने मला याच्या अगदी उलट प्रश्न विचारला. त्याचे वडील महाडच्या औद्योगिक वसाहतीतून माल घेऊन घाटावर जाणारा ट्रक चालवतात. तो म्हणाला, "सर, इतर गाड्या फस्स् करतात, आमची गाडी हल्ली करतच नाही. आणि सकाळी हवेच्या टाकीखालची कडी ओढली की पेलाभर पाणी निघते. टाकीत पाणी तर कोणी घातलेले नाही! फिटर म्हणतात, हवा सुकवायचा डबा निकामी झाला आहे. नवा घालण्यापेक्षा तो काढून टाकू आणि सरळ नळी जोडू, ब्रेक तसाच लागेल. सर, डबा काढला तर चालेल का?"

मी त्याला म्हटले, "उत्तर मी देत नाही. कागद-पेन्सिल घे, आपण हिशेब करू." तो हिशेब आज तुमच्यासमोर मांडतो.

हवेचा ब्रेक

सायकलचा ब्रेक आपण बोटांनी दाबतो. मोटारीच्या ब्रेकला तेलाचा दाब लागतो. वीस-पंचवीस टनांचा ट्रक थांबवायचा तर माणसाच्या पायाचा जोर पुरा पडत नाही. तेथे दाबलेली हवा कामाला येते. ही युक्ती प्रथम आगगाडीसाठी निघाली. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस याने १८६९ साली हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले.

ट्रकचे इंजिन एक लहानसा कॉम्प्रेसर फिरवते. तो बाहेरची हवा ओढून घेतो, दट्ट्याने दाबतो आणि टाक्यांत भरतो. ड्रायव्हरने पाय दिला की झडप उघडते व टाकीतली हवा नळ्यांतून चाकाजवळच्या डबीत शिरते. डबीत रबरी पडदा असतो. हवा त्याला ढकलते, पडदा दांड्याला ढकलतो, दांडा तरफेला फिरवतो आणि ब्रेकचे लायनर ड्रमवर आतून घट्ट दाबले जातात.

जोर किती असतो पाहा. पडद्याचे क्षेत्रफळ १५० चौ. सें.मी. आणि हवेचा दाब दर चौ. सें.मी. ला ६ किलोग्रॅम धरा. १५० × ६ = ९००. म्हणजे ५० किलोची अठरा पोती त्या दांड्यावर ठेवल्यासारखा जोर एका डबीत निर्माण होतो. ड्रायव्हरला मात्र पाय नुसता टेकवावा लागतो.

आता महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्या. मोटारीच्या ब्रेकमध्ये तेच तेल पुढे जाते आणि तेच मागे येते. हवेच्या ब्रेकमध्ये तसे नसते. पाय उचलला की डबीतली हवा बाहेर सोडून दिली जाते. पुढच्या वेळी टाकीतून ताजी हवा लागते, आणि टाकीत पडलेली तूट कॉम्प्रेसर बाहेरच्या हवेने भरून काढतो. घाट उतरताना ट्रक जितक्या वेळा ब्रेक लावील, तितक्या वेळा त्याला बाहेरची हवा प्यावी लागते. आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या आपल्या महाड-पोलादपूरच्या हवेबरोबर तो आणखी काय पितो, ते सांगायला नकोच!

नऊ गाड्यांचे प्रवासी एका गाडीत

हवेत पाण्याची वाफ असते. पण अमुक एका जागेत अमुक तपमानाला वाफ किती राहू शकेल, याला मर्यादा असते. ३० अंश सेल्सिअस तपमानाला १ घनमीटर जागेत सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते. ही मर्यादा गाठली की हवा बाष्पाने संपृक्त झाली असे म्हणतात. त्याहून जास्त झालेली वाफ पाणी होऊन खाली बसते. श्रावणातल्या एखाद्या दिवशी आपल्याकडे सापेक्ष आर्द्रता सहज ९० टक्के असते. म्हणजे ३० पैकी २७ ग्रॅम वाफ आधीच हजर असते.

येथे एक चूक पुष्कळजण करतात. ओले फडके पिळल्यासारखी हवा पिळली जाते व पाणी गळते, असे त्यांना वाटते. ते खरे नव्हे. वाफ किती मावेल हे जागा आणि तपमान यांवर ठरते. तेथे हवा किती दाटली आहे, याचा त्यात फारसा संबंध नसतो. एस.टी.चे उदाहरण घ्या. ३० आसनांच्या नऊ गाड्या आहेत आणि प्रत्येकीत २७ प्रवासी बसले आहेत. कोणाला अडचण नाही. आता कंडक्टरने हुकूम सोडला, की सर्वांनी एकाच गाडीत बसावे, उभे कोणी राहायचे नाही. प्रवासी झाले ९ × २७ = २४३. आसने मात्र तीसच! २१३ जणांना खाली उतरावेच लागेल.

टाकीत नेमके हेच घडते. ड्रायव्हर लोक 'आठ किलो हवा' म्हणतात, तेव्हा काटा दाखवतो तो दाब बाहेरच्या वातावरणापेक्षा जास्तीचा असतो. बाहेरचा एक धरला तर एकूण दाब झाला नऊ. बॉइलच्या नियमाप्रमाणे नऊ घनमीटर बाहेरची हवा दाबून एक घनमीटर होते. तिच्याबरोबर वाफ आली २४३ ग्रॅम, पण ३० अंशाला जागा आहे ३० ग्रॅमलाच. उरलेल्या २१३ ग्रॅमचे पाणी होते.

आमच्या विद्यार्थ्याने आपल्या गाडीचा हिशेब मांडला. टाक्या सगळ्या मिळून ६० लिटरच्या. दाब सातवर आला की कॉम्प्रेसर भरू लागतो आणि आठवर थांबतो. म्हणजे एका खेपेला बाहेरची सुमारे ६० लिटर हवा लागते. घाटाच्या दिवशी अशा शंभर खेपा धरल्या तर ६,००० लिटर, म्हणजे ६ घनमीटर हवा झाली. तिच्यातली वाफ ६ × २७ = १६२ ग्रॅम. दाबलेल्या हवेबरोबर वाफेच्याच रूपात बाहेर जाते ती जेमतेम २० ग्रॅम. उरले १४२ ग्रॅम पाणी, म्हणजे चहाचा दीड कप! पेलाभर पाणी कोठून येते, याचे कोडे सुटले.

गरम हवेची लबाडी

"मग सर, कॉम्प्रेसरच्या पुढे पाणी साठवायला एक साधी वाटी लावली तर?" असे त्याने लगेच विचारले. प्रश्न चांगला होता. पण येथे हवा एक लबाडी करते.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, हे तुम्ही अनुभवले असेल. हवा झटकन दाबली की ती तापते. ट्रकचा कॉम्प्रेसर तर तिला नऊपट दाबतो. तेथून निघालेली हवा शंभर अंशांच्याही बरीच वर तापलेली असते. तपमान वाढले की वाफेची मर्यादाही झपाट्याने वाढते. ३० अंशाला ३० ग्रॅम असलेली मर्यादा ६० अंशाला सुमारे १३० ग्रॅम होते. एस.टी.च्या भाषेत सांगायचे, तर गाडीत आसने वाढत जातात.

म्हणून कॉम्प्रेसरनंतर लांब धातूची नळी ठेवून हवा निवू देतात. तरीही हवा ६० अंशांवर वाटीपाशी पोचली, तर आपल्या २४३ ग्रॅमपैकी सुमारे १०० ग्रॅमच तेथे खाली बसतील. (गरम झाल्याने हवा थोडी फुगते, तेही हिशेबात धरले आहे.) उरलेले १४३ ग्रॅम वाफेच्या रूपात वाटीच्या डोक्यावरून पुढे निघून जातील आणि टाकीत, नळ्यांत, झडपांत, जेथे थंडावा मिळेल तेथे पाणी होऊन बसतील. वाटी पाणी धरते, वाफ धरू शकत नाही. वाफ धरणारे काही तरी हवे.

सादळणारे मणी

पावसाळ्यात पापड उघडा राहिला तर सादळतो, मिठाला पाणी सुटते. हवेतली वाफ ओढून घेण्याचा हा गुण ज्याच्या अंगी भरपूर आहे, असा पदार्थ हवा सुकवायच्या डब्यात भरलेला असतो. डबा उघडून पाहिला तर आत साबुदाण्यासारखे किंवा त्याहून थोडे मोठे हजारो मणी दिसतात. हे मणी झिओलाइट नावाच्या पदार्थाचे असतात.

पापड वाफ ओढून घेतो ती त्याच्या सबंध अंगात मुरते. मण्यांचे तसे नाही. त्यांच्या अंगात अतिसूक्ष्म पोकळ्यांचे जाळे असते आणि पाण्याचे रेणू या पोकळ्यांच्या भिंतींना चिकटून बसतात. याला अधिशोषण म्हणतात. या भिंतींचे क्षेत्रफळ ऐकून तुम्हांला नवल वाटेल. एका ग्रॅम मण्यांत ते पाचशे चौरस मीटरच्या आसपास असते. कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद, म्हणजे १३० चौरस मीटर. अशी जवळजवळ चार मैदाने चिमूटभर मण्यांत घडी करून ठेवली आहेत! शिवाय पाण्याच्या रेणूच्या एका टोकाला किंचित धन व दुसऱ्या टोकाला किंचित ऋण विद्युत्भार असतो. त्यामुळे झिओलाइट त्याला जोराने ओढतो. ऑक्सिजन-नायट्रोजनचे रेणू मात्र जवळजवळ तसेच पुढे जातात.

झिओलाइट हे नाव स्वीडनच्या क्रोनस्टेट या खनिजशास्त्रज्ञाने १७५६ साली दिले. एक खनिज तापवताच त्यातून वाफ निघून ते उकळल्यासारखे दिसले, म्हणून ग्रीक शब्दांवरून त्याने त्याला 'उकळणारा दगड' म्हटले. गंमत अशी, की हे उकळणारे दगड आपल्या दाराशीच आहेत. सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्ट खडकात पूर्वी वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. त्यांत पुढे पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक वाढले. त्यांतले कित्येक झिओलाइट गटातले आहेत. महाराष्ट्रातले असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत ठेवलेले आहेत. डब्यातले मणी कारखान्यात बनवलेले असतात, पण त्यांचे भाऊबंद घाटाच्या कड्यात बसले आहेत.

फस्स् आणि सूऽऽ

डब्याचे काम आता समजायला सोपे आहे. कॉम्प्रेसरकडून आलेली दमट हवा डब्यात शिरते. तिच्यातले पाण्याचे व तेलाचे थेंब तळाशी साठतात. उरलेली वाफ मण्यांना चिकटते. कोरडी हवा टाक्यांकडे जाते. तिचा थोडा भाग एका लहान वेगळ्या टाकीत राखून ठेवला जातो. तो कशासाठी, ते पुढे पाहू.

मणी किती वेळ पाणी पीत राहतील? काही वेळाने तेही सादळणारच. सादळलेला पापड आपण उन्हात घालतो. धावत्या ट्रकमध्ये ऊन कोठून आणायचे? येथे इंजिनियरांनी मोठी नामी युक्ती योजली आहे. ज्या नियमाने पाणी पाडले, त्याच नियमाला त्यांनी उलटे फिरवले.

दाब आठवर पोचला की एक नियंत्रक डब्याच्या तळाची झडप उघडतो. डब्यातली दाबलेली हवा तळाचे पाणी घेऊन जोराने बाहेर पडते. हा झाला 'फस्स्'. आता डब्यात बाहेरच्याइतकाच दाब उरला. मग राखून ठेवलेली कोरडी हवा एका बारीक भोकातून उलट्या दिशेने मण्यांवरून वाहू लागते. हा झाला 'सूऽऽ'.

या उलट्या हवेला मणी का सुकवता येतात? समजा, लहान टाकीतल्या कोरड्या हवेत दर घनमीटरला २ ग्रॅम वाफ उरली आहे. ती हवा नवापासून एकपर्यंत सैल झाली, म्हणजे नऊपट पसरली. वाफही नऊपट जागेत पांगली. आता दर घनमीटरला पाव ग्रॅमही उरली नाही आणि जागा तर आहे ३० ग्रॅमला! सापेक्ष आर्द्रता एक टक्क्याहून कमी झाली. रिकाम्या एस.टी. गाड्या स्थानकात लागाव्यात आणि फलाटावरचे प्रवासी भराभर चढावेत, तसे मण्यांवरचे पाण्याचे रेणू या तहानलेल्या हवेत चढून बाहेर पडतात. अर्ध्या मिनिटात मणी पुन्हा ताजेतवाने होतात. हवा दाबली की ती पाणी सोडते, सैल केली की पाणी पिते. साऱ्या यंत्राचे मर्म एवढेच आहे.

तुमच्यातला एखादा चौकस विद्यार्थी विचारील, की समुद्रावरचे वारे सह्याद्रीवर चढतात, तेव्हा ती हवा सैल होते, पण तेथे तर पाऊस पडतो! शंका योग्य आहे. डोंगर चढणारी हवा सैल होताना आसपासची हवा दूर ढकलण्याचे काम करते. त्यात तिची उष्णता खर्च होते आणि ती खूप निवते. शिवाय ती मुळातच दमट असते. निवल्यामुळे वाफेची मर्यादा घटते, म्हणून ढग बनतात. डब्यातली हवा बारीक भोकातून हळूहळू झिरपते, तिला डब्याच्या गरम धातूची ऊब मिळते, आणि ती आधीच सुकवलेली असते. म्हणून तेथे तहान जिंकते.

डबा काढला तर?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पूर्वी ट्रकांना असा डबा नसे. क्लीनर रोज टाक्यांखालच्या कड्या ओढून पाणी सोडून देई आणि गाड्या चालत. त्यामुळे 'डब्यावाचून ब्रेक लागतो' हे फिटरचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण ते अर्धेच खरे आहे.

पहिली गोष्ट अशी, की कडी ओढल्याने टाकीतले पाणी जाते, हवेतली वाफ जात नाही. पोलादपूरला ३० अंशाला संपृक्त झालेली हवा घेऊन ट्रक आंबेनळीने चढू लागतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे. तेथे १८ अंश तपमान असले तर वाफेची मर्यादा १५ ग्रॅमवर येते, म्हणजे निम्मी होते. उरलेली निम्मी वाफ थेंबाथेंबाने नळ्यांत आणि झडपांत उतरते. तेथे ओढायला कडी नसते. हे पाणी झडपांतले वंगण धुऊन काढते, लोखंडाला गंज आणते, कॉम्प्रेसरमधून आलेल्या तेलाशी मिसळून चिकट राड करते. झडपेचे बारीक भोक असे चोंदले, की एखाद्या चाकाचा ब्रेक उशिरा लागतो किंवा लागलेला लवकर सुटत नाही. आपले ट्रक मनालीवरून लेहलाही जातात. तेथे याच थेंबांचे बर्फ होऊन नळी बंद होऊ शकते.

दुसरी गोष्ट. टाकीत पाणी साठले की हवेची जागा कमी होते, आणि पाणी हवेसारखे दाबून ठेवता येत नाही. २० लिटरच्या टाकीत ५ लिटर पाणी असले तर हवेला १५ लिटरच जागा उरते. काटा मात्र आठच दाखवतो. पण ब्रेक लावताना तेवढीच हवा खर्च झाली, तर दाब नेहमीच्या सव्वापटीहूनही अधिक वेगाने घसरतो. वळणामागून वळण येत असताना ही फसवणूक फार वाईट.

दाब फारच उतरला तर मागच्या चाकांचे स्प्रिंगचे ब्रेक आपोआप आवळले जातात. हवा गेली तरी गाडी थांबावी म्हणून केलेली ती सोय आहे. पण ओल्या रस्त्यावर, ऐन वळणावर, ड्रायव्हरने न मागता ते लागले तर गाडी घसरण्याचा धोका असतो. घाटात ब्रेक निकामी होण्याची कारणे अनेक असतात. उतारावर सारखा ब्रेक दाबून ड्रम तापणे हे त्यांतले मोठे. म्हणूनच जाणते ड्रायव्हर खालच्या गियरमध्ये घाट उतरतात. पण पाण्यासारखे कारण थोड्या काळजीने टाळता येते, तर ते का बाळगावे?

सुस्कारा का थांबला?

हिशेब संपल्यावर मी विद्यार्थ्याला त्याच्याच पहिल्या वाक्याची आठवण दिली. "तुझी गाडी फस्स् करीत नाही म्हणालास. ते कधी होते?"

"दाब आठवर पोचला की," तो म्हणाला. मग क्षणभर थांबून म्हणाला, "सर, आमचा काटा साडेसातच्या वर जातच नाही!"

झाले! पुढचे त्याला सांगावे लागले नाही. घरी जाऊन त्याने साबणाच्या पाण्याचा फेस करून वडिलांबरोबर नळ्यांच्या एकेका जोडाला लावला. एका जोडाशी बुडबुडे फुगू लागले. तेथे हवा गळत होती. त्यामुळे दाब आठवर पोचत नव्हता, कॉम्प्रेसर अखंड चालत होता आणि डब्याला सुस्कारा टाकायला उसंतच मिळत नव्हती. पाणी पिऊन पिऊन मणी तुडुंब झाले होते. दोष डब्याचा नव्हता. डबा काढून टाकला असता, तर गळती तशीच राहिली असती आणि पाणी वाढले असते.

त्यांनी जोड बदलला आणि मण्यांचा डबाही नवा बसवला. (चांगल्या गाडीतही तो गाडी बनवणाऱ्यांनी सांगितलेल्या मुदतीने बदलावा लागतो. कॉम्प्रेसर झिजून तेल फेकू लागला तर मण्यांवर तेल बसते, आणि तेलकट मणी पाणी पीत नाहीत.) आठवड्याने तो मला सांगत आला, "सर, सकाळी कडी ओढली. नुसती हवा आली!"

त्याचे वडील त्या दिवशी वरंध घाटातून भोरकडे गेले होते. बाहेर पाऊस कोसळत होता. त्या मुलाच्या चेहऱ्यावर परीक्षेतल्या गुणांपेक्षा मोठे समाधान मला दिसले.

करून पाहा

१. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने जवळजवळ बंद करून दहा-बारा वेळा जोराने दट्ट्या मारा. पंपाच्या टोकाला हात लावा. कॉम्प्रेसरनंतर लांब नळी का लागते, ते कळेल.

२. थोडे तांदूळ तव्यावर कोरडेच भाजून निववा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात घाला. वर जाळी ठेवून तिच्यावर एक सादळलेला पापड ठेवा. दुसरा सादळलेला पापड रिकाम्या बंद डब्यात ठेवा. दोन दिवसांनी दोन्ही मोडून पाहा. मग तांदळाचे काय झाले असेल आणि ते पुन्हा कामाचे कसे करता येतील, याचा विचार करा.

३. हिवाळ्यातल्या एका दिवशी तपमान ३० अंश, पण सापेक्ष आर्द्रता ४० टक्के आहे असे समजा. लेखातला शंभर खेपांचा हिशेब पुन्हा मांडा. पाणी किती निघेल? (उत्तर : सुमारे ५२ ग्रॅम.)

आणि पुढच्या वेळी पोलादपूरच्या नाक्यावर एखाद्या ट्रकने 'फस्स्' केले, तर दचकू नका. घाट चढण्यापूर्वी गाडीने पोटातले पाणी टाकले आहे. मागचा बारीक 'सूऽऽ' ऐकू आला, तर समजा की मणी सुकत आहेत.